एअरपॉड्स प्रोची ‘फाइंड माय’ सेवा: चार्जिंग संपल्यावर किती उपयोगी?

२०२२ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या एअरपॉड्स प्रोमध्ये, म्हणजे ॲपलच्या बिनतारी इअरफोनमध्ये, मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची डबी, कारण तिला स्वतःचा स्पीकर आहे आणि इअरबड डबीत असतील तर डबीत चार्ज असेपर्यंत ‘फाइंड माय’ या हरवलेली वस्तू शोधण्याच्या सेवेतून ती वाजवून, तिचा आवाज ऐकून ती शोधता येते. अल्ट्रा वाइडबँड (जवळच्या वस्तूची नेमकी जागा रेडिओ लहरींनी ओळखणारे तंत्र) असलेल्या आयफोनवर तर डबीची दिशा आणि अंतरही दिसते. मात्र डबीबाहेर पडलेल्या इअरबडची बॅटरी संपली की तो वाजत नाही आणि नकाशावर, दिसलेच तर, शेवटचे नोंदलेले ठिकाणच दिसते. तो नंतर कोणी उचलून नेला, तर ते नकाशाला कळत नाही. बॅटरी शिल्लक असताना आसपासच्या इतर आयफोनमधूनही हे ठिकाण कळते. त्यामुळे साताऱ्यात राजवाडा किंवा पोवई नाक्यासारख्या वर्दळीच्या भागात ही सेवा अधिक भरवशाची ठरते आणि कासच्या पठारावर, गर्दीचा हंगाम सोडला तर, तिच्यावर विसंबू नये. वस्तू मागे राहिल्याची सूचना देणारी सोय खरेदीच्या दिवशीच सुरू करावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. इअरबड मागे राहिले, तर चार्जिंग संपण्याआधीच ती सावध करू शकते.