नव्या सिलच्या पोटात जुना गंज: फोक्सवॅगन कॅम्परच्या चासीकामातली फसवणूक

बिलावर लिहिलं होतं: दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालच्या पत्र्याच्या लांब पेट्या) पूर्ण बदलले, आउटरिगर (सिलला धरणारे आडवे आधार) नवे, चारही जॅकिंग पॉइंट (जॅक लावायच्या जागा) नवे, कॅबची म्हणजे चालकाच्या भागाची जमीन नवी, खालून संपूर्ण अंडरसील (गंजापासून राखणारा काळा लेप). गाडी १९७४ सालची फोक्सवॅगन टाइप २ कॅम्पर, इंग्लंडात जिला ‘बे विंडो’ म्हणतात ती. घेणारं कुटुंब तिथलंच, मराठी. वर्षभरात सरकतं दार मागच्या वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. रोलर बदलले, कडी सरकवली, तरी घासतच राहिलं. मग खालचा काळा लेप खरवडून पाहिला. चकचकीत नव्या सिलच्या आत जुना सिल तसाच होता, गंजाने निम्मा खाल्लेला. दोन्हींच्या मधे पिवळा फोम ठासलेला, पिळला तर पाणी निघेल इतका ओला. नवे म्हणवलेले जॅकिंग पॉइंट म्हणजे जुन्यांवर डकवलेले पत्र्याचे तुकडे. कॅबच्या जमिनीत भोकांवर फायबरची चटई, तिच्यावर पुट्टी, वर रबर मॅट.

गॅरेजचं नाव इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाची आहे ती पद्धत, कारण ती सगळीकडे सारखीच असते आणि गाडीची रचना समजली की ओळखता येते.

या गाडीला ट्रकसारखी सुटी चासी नसते. दोन लांब रेल म्हणजे तुळया, त्यांना जोडणारे आडवे मेंबर, रेलपासून सिलपर्यंत जाणारे आउटरिगर, मालाच्या जमिनीखाली टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या म्हणजे टॉप हॅट, आणि वर खाचेदार जमीन. हे सगळं बॉडीशी वेल्डिंगने एकजीव केलेलं असतं. सिलचे थर तीन: आतला, मधला, बाहेरचा. दिसतो फक्त बाहेरचा. गाडीची कंबर ताठ राहते ती तिन्ही थर मिळून जी पेटी तयार होते तिच्यामुळे. सरकत्या दाराच्या बाजूला तर बॉडीत एवढं मोठं खिंडार असतं की खालची पेटी कमजोर झाली की दाराची चौकट तिरकी होणारच. त्या कुटुंबाचं दार रोलरमुळे घासत नव्हतं, गाडीच मधोमध बसली होती.

पाणी वरून येतं. खिडकीचं रबर कडक झालेलं असतं, दाराच्या रुळात पान-कचरा साचतो, तिथून ते भिंतीच्या आतून सिलमध्ये उतरतं. खालच्या फटींमधून ते निघून जावं अशी कारखान्याची योजना. फट चिखलाने बुजली, किंवा कोणी प्रेमाने अंडरसील चोपडून बुजवली, की पाणी आतच राहतं. त्यात इंग्लंडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. म्हणून इथे गंज आतून बाहेर येतो, आणि बाहेर बोटाएवढा फोड दिसतो तोवर मधला थर बहुधा गेलेला असतो.

आता पैशाचं गणित. बाहेरच्या सिलचा तयार पत्रा तसा स्वस्त. महाग असते ती जुनं कापून काढण्याची मजुरी. बाहेरचा थर काढा, मग मधला, मग आतला. तिथे आउटरिगरचं टोक कुजलेलं सापडतं, त्याच्यावरचा टॉप हॅट सापडतो, जमिनीची कडा सापडते. एका बाजूचं काम नीट करायचं तर आठवडाभराची मजुरी सहज जाते, आणि कापल्याशिवाय नेमका आकडा कोणालाच सांगता येत नाही. लबाड माणूस हे कापणंच टाळतो. जुन्यावर नवा पत्रा चढवतो, कडेने टाके मारतो, ग्राइंडरने सपाट करतो, पुट्टी, रंग, वर जाड काळा लेप. दोन दिवसांचं काम, बिल मात्र आठवड्याचं. वर तो सांगतो तेही शब्दशः खोटं नसतं: सिल नवा आहेच, फक्त जुना गेलेला नाही.

दोन पत्र्यांच्या मधे अडकलेला गंज उघड्यावरच्या गंजापेक्षा वाईट. तिथे ओल वाळत नाही, वेल्डिंगच्या उष्णतेने जुन्या पत्र्यावरचं उरलंसुरलं संरक्षण जळून गेलेलं असतं आणि टाका स्वतःच कुजलेल्या कडेला धरलेला असतो. असा जॅकिंग पॉइंट गाडीचं वजन पेलत नाही. तो वर दबतो आणि गाडी खाली येते.

यात सरकारी नियमाचाही आडून फायदा घेतला जातो. ब्रिटनमध्ये मे २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची तपासणी, सक्तीची नाही. विक्रेते हे वैशिष्ट्य म्हणून सांगतात: ‘कटकट नाही, एमओटी लागत नाही.’ याचा दुसरा अर्थ असा की कित्येक वर्षांत या गाडीखाली कोणी तिऱ्हाईत माणूस गेलेलाच नाही. गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाचीच राहते. एमओटी स्वेच्छेने करून घेता येते, आणि घ्यावीच. मात्र तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. तपासनीस काही उघडत नाही, जाड अंडरसील काढत नाही. ताजी एमओटी आणि ताजा काळा लेप एकाच महिन्यातले असले तर अधिकच सावध व्हा.

‘कॅलिफोर्नियाहून आणलेली, गंजमुक्त’ ही दुसरी जाहिरात. कोरड्या हवेतल्या गाड्या खरंच चांगल्या निघतात, पण आयातीची कागदपत्रं मागा आणि गाडी इंग्लंडात किती हिवाळे काढून बसली आहे ते विचारा. डाव्या हाताचं स्टिअरिंग हा काही गंजमुक्तीचा दाखला नव्हे.

प्रामाणिक काम कसं चालतं ते माहीत असलं की खोटं पटकन दिसतं. आधी पेट्रोलची टाकी उतरवतात (ती या गाडीत मागे, इंजिनाच्या पुढच्या अंगाला असते) आणि बॅटरी, अल्टरनेटर सोडवतात. ब्रेकची नळी आणि क्लचची केबल जमिनीखालून जाते, तीही वाचवावी लागते. मग दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचे, साधारण २५ मिलिमीटरचे, आडवे-तिरपे आधार वेल्ड करतात आणि चौकटीचे कर्ण मोजून लिहून ठेवतात. गाडी चाकांच्या आधाराजवळ, मजबूत जागी टेकवलेली हवी. मधेच जॅकवर उचललेली गाडी कापली की ती वाकडी होते आणि मग वेल्डिंगने तो वाकडेपणा कायमचा पक्का होतो. एका वेळी एकच बाजू. कुजलेलं सगळं कापून चांगला, चमकणारा पत्रा लागेपर्यंत मागे जायचं. आधी आतला भाग आणि आउटरिगर, मग मधला सिल, दार लावून फट पाहायची, कर्ण पुन्हा मोजायचे, आणि मगच बाहेरचा. दार न लावता बाहेरचा सिल बसवणारा कारागीर एकतर नवशिका किंवा घाईत.

कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड (ठिपक्यांसारखे जोड) होते तिथे नव्या पत्र्याला सहा ते आठ मिलिमीटरची भोकं पाडून प्लग वेल्ड करतात, म्हणजे ती भोकं वेल्डिंगने भरतात, तीन-चार सेंटिमीटरच्या अंतराने. जिथे ठिगळ जोडायचं तिथे सलग टाका, पण एका दमात नाही. दोन-अडीच सेंटिमीटर मारायचं, दुसरीकडे जायचं, नाहीतर पातळ पत्रा लाटेसारखा उठतो. सिल आणि जमिनीला १.२ मिलिमीटरचा पत्रा सोयीचा, चासीच्या भागांना २ मिलिमीटरपर्यंत. जोडाच्या मधे येणाऱ्या पृष्ठभागांना जस्ताचा वेल्ड-थ्रू (वर वेल्डिंग करता येईल असा) प्रायमर, जोडावर फट बुजवणारा सीम सीलर, बाहेरून इपॉक्सी प्रायमर. रंग वाळल्यावर लांब नळीने सिलच्या पोटात कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण. फोम कुठेही नाही. आणि पाण्याच्या फटी शेवटी तारेने मोकळ्या करायच्या, कारण वॅक्सनेही त्या बुजतात.

खरेदीआधी तपासायला महागडी साधनं लागत नाहीत. रुमालात गुंडाळलेलं लहान चुंबक सिलवरून फिरवा; जिथे पकड सैल पडेल तिथे पुट्टी किंवा फायबर. रंगाची जाडी मोजायचं यंत्र भाड्यानेही मिळतं: कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा, पुन्हा रंगवलेली गाडी दोन-तीनशे दाखवेल, ५००च्या पुढे गेलात की खाली पुट्टी धरून चाला. फोनला जोडायचा स्वस्त एंडोस्कोप (टोकाला कॅमेरा असलेली बारीक तार) घ्या आणि रबरी बूच काढून सिलच्या आत घाला. एकाखाली एक दोन पत्रे, फोम, वर्तमानपत्र, असं काय दिसेल ते फोटोसह जपून ठेवा. विक्रेत्याच्या परवानगीने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आउटरिगर आणि रेल वाजवा. निरोगी लोखंड खणखणतं, कुजलेलं थप्प वाजतं. कॅबची मॅट आणि बॅटरीखालचा पत्रा पाहिल्याशिवाय उठू नका.

सगळ्यात बोलकी परीक्षा म्हणजे गाडी तिच्याच जॅकिंग पॉइंटवर उचलायला सांगणं. खाली कोणी शिरायचं नाही, बाजूला स्टँड तयार ठेवायचे, एक चाक जमिनीपासून सुटेपर्यंतच उचलायची, आणि त्या बाजूच्या दाराची फट बघायची. फट बदलली, दार अडकलं, किंवा करकर ऐकू आली तर पुढे बोलणी नकोत. ‘या गाड्या तिथून उचलायच्या नसतात’ असं उत्तर आलं तर ते जॅकिंग पॉइंट मग कशासाठी आहेत, एवढंच विचारा.

दुरुस्ती करून घेत असाल तर पैसे कामाच्या टप्प्यांनी द्या, आणि टप्पा ‘नवा सिल बसवला’ असा नको, ‘जुना सिल कापून काढला’ असा लिहून घ्या. त्या अवस्थेचा फोटो मागा, ज्यात कापलेली जागा आणि तुमच्या गाडीची ओळख पटेल अशी खूण, नंबरप्लेट किंवा रंगाचा ओरखडा, एकत्र दिसेल. एकाच गंजक्या गाडीचे फोटो चार गिऱ्हाइकांना दाखवणारे आहेत. सुट्या भागांची बिलं गाडीच्या सालाशी ताडून पाहा: ऑगस्ट १९७२मध्ये पुढून धडक बसल्यास बचाव व्हावा म्हणून कॅबखालची रचना बदलली, तेव्हा १९७४च्या गाडीला त्याआधीच्या कॅबच्या जमिनीचं बिल लागलं असेल तर तो पत्रा दुसऱ्याच कुठल्या गाडीत गेला आहे.

अंडरसील सगळ्यात शेवटी, तुम्ही खालून पाहून गेल्यावरच लावायचं, हेही लिहून घ्या. यावर कुरकुर करणारा माणूस काय झाकायचं म्हणतोय ते उघड आहे.

फसवणूक झालीच तर इंग्लंडात काही दारं उघडी आहेत. व्यावसायिकाकडून गाडी घेतली असेल तर २०१५च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टप्रमाणे सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत करता येते, आणि दुरुस्तीचं काम वाजवी काळजीने व कौशल्याने व्हायलाच हवं. खाजगी विक्रेत्याच्या बाबतीत हक्क तोकडे, पण वर्णन खोटं असणं तिथेही चालत नाही. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्या दिवशीच काढून ठेवावा. १०० पाउंडांहून जास्त आणि ३०,००० पाउंडांपर्यंत किमतीच्या खरेदीचा थोडाही भाग क्रेडिट कार्डाने भरला असेल तर १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५खाली कार्ड कंपनीकडेही दावा करता येतो. इंग्लंड-वेल्समध्ये कोर्टातल्या छोट्या दाव्यांच्या सोप्या मार्गाची मर्यादा १०,००० पाउंड. ट्रेडिंग स्टँडर्ड्स या व्यापारातल्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडची तक्रार सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत जाते.

यात बरेच जण एका गोष्टीत घसरतात: संतापून दुसऱ्या गॅरेजात गाडी देतात आणि तिथला कारागीर जुनं कापून भंगारात टाकतो. आधी त्रयस्थ इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या आणि पहिल्या गॅरेजला लेखी कळवा. नंतर जे कापलं जाईल त्यातला प्रत्येक तुकडा, फोमसकट, कुठल्या बाजूचा आणि कोणत्या तारखेला निघाला ते लिहून पिशवीत ठेवा. सिलचा हातभर आडवा छेद, ज्यात दोन पत्रे एकावर एक दिसतात, तो शंभर फोटोंपेक्षा जास्त बोलतो.