दहा महिने, ३,८०० किलोमीटर: घरच्या पोर्चमध्ये उभी केलेली १९७३ ची एफसी

काटोलच्या बागेत कडुनिंबाखाली चोवीस वर्षं पडून असलेली आमची एफसी नोव्हेंबर २०२२ मध्ये क्रेननं उचलून नागपुरात मानेवाड्याला आणली, तेव्हा तिच्या हौद्यात कमरेएवढी बाभूळ वाढली होती. रस्त्यावर यायला डिसेंबर २०२४ उजाडला. त्याच आठवड्यात हे लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता एक नागपुरी उन्हाळा आणि एक पावसाळा निघालाय, त्यामुळे काय टिकलं आणि काय काढून फेकलं हे सांगता येतं.

एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. विलीजचा हा जीप ट्रक अमेरिकेत १९५६ च्या शेवटी आला, आणि साठच्या दशकापासून महिंद्रा तो इथे बनवू लागली. नाकच नाही असा चपटा चेहरा. इंजिन दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या पेटीखाली. इंजिन मात्र जुन्या जीपचंच, चार सिलेंडरचं २,१९९ सीसीचं हरिकेन. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची तऱ्हा. याचा एक मोठा फायदा झाला: इंजिनाचं जवळजवळ सगळं सामान जीपचं म्हणून अजून मिळतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, पाण्याचा पंप, कशालाच वणवण करावी लागली नाही. केबिनचं सामान मात्र मिळतच नाही. दाराचे बिजागर लेथवर बनवले, काचेचं रबर दुसऱ्याच गाडीचं कापून बसवलं आणि ते आजही एका कोपऱ्यातून गळतं.

एकूण खर्च ३ लाख ४० हजारांच्या आसपास. डोक्यात दीड लाखाचा आकडा होता. यातला सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा ब्रेक आणि कूलिंगवरचा, आणि सगळ्यात वाया गेलेला गाडी 'आधुनिक' करण्यावरचा.

ब्रेकपासून सांगतो, कारण पहिला धडा तिथेच मिळाला. मुळात चारही चाकांना ड्रम आणि एकच सर्किट. म्हणजे कुठलीही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. हे मला वाचून माहीत होतं, तरी 'आधी फिरवून तर बघू' म्हणून जुन्याच नळ्यांवर कॉलनीत पहिली चक्कर मारली. तिसऱ्या वळणावर पेडल सरळ फ्लोअरला टेकलं. हँडब्रेक ओढला. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागच्या शाफ्टवर असतो, त्यामुळे तो एकदम झटका देतो. त्या झटक्यासकट गाडी शेजाऱ्यांच्या बांधकामाच्या रेतीत जाऊन थांबली. चूक पूर्ण माझी. त्या दिवशी रंगाचं बजेट उचलून ब्रेकला दिलं.

सगळ्या नळ्या नव्या, व्हील सिलेंडर नवे, आणि पुढच्या-मागच्या चाकांचं सर्किट वेगळं करणारा टँडम मास्टर सिलेंडर. हा सिलेंडर मी पुढे डिस्क असलेल्या एका गाडीचा आणला, आणि दोन महिने डोकं आपटून घेतलं. हवा कितीही काढा, पहिल्या दाबाला पेडल अर्धं जायचं, दुसऱ्या दाबाला घट्ट. संध्याकाळी मुलगी केबिनमध्ये, मी खाली पाठीवर.

"बाबा, दाबू?"

"दाब. धरून ठेव."

चाकाजवळचा हवा काढायचा निपल ढिला केला की ब्रेक ऑईल स्वच्छ यायचं, एक बुडबुडा नाही, आणि वरून आवाज, "परत खाली गेलं हो." शेवटी मोमिनपुऱ्यातल्या आमच्या मिस्त्री चाचांनी एका वाक्यात उलगडा केला: ड्रमच्या लाइनमध्ये थोडं प्रेशर शिल्लक राहायला लागतं, ते धरून ठेवणारा व्हॉल्व्ह जुन्या मास्टरमध्ये असतो, डिस्कवाल्यात नसतो. दोन्ही लाइनमध्ये छोटे व्हॉल्व्ह टाकले आणि त्याच संध्याकाळी पेडल जागेवर आलं. कोणी हे काम करत असेल तर आणखी एक: जुन्या लायनिंगच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असतं. कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या कपड्यानं पुसा.

आता गरमी. इंजिन मांडीला लागून, आणि गाव नागपूर. आणखी काय लिहायचं. एप्रिलमध्ये पेटीच्या पत्र्याचं तापमान मोजलं तर ७८ अंश. खाली ग्लासवूल, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि पेटीच्या कडेला सगळीकडून नवं रबर, एवढं केल्यावर ते ५२ वर आलं. रबरानं जितका फरक पडला तितका ग्लासवूलनं नाही पडला, कारण खरी झळ फटींतून येत होती. तरी दुपारी बारा ते पाच ही गाडी मी चालवत नाही. चालवता येते, पण मग घरी पोचल्यावर कोणाशी धड बोलवत नाही.

रेडिएटरला नवी कोर बसवली, तिही जास्त रांगांची. पंख्याभोवती पत्र्याचा गोल बनवून घेतला, सिग्नलला उभं असताना त्याचाच उपयोग. इथे माझा एक शहाणपणा सांगून टाकतो. पाणी उशिरा उकळावं म्हणून मी हल्लीच्या कारचं जास्त प्रेशरचं झाकण लावलं. जुन्या सिस्टीमला तेवढा दाब सोसत नाही. वरच्या टाकीचं झाळण (सोल्डरचा जोड) उघडलं आणि वाडी नाक्याजवळ हिरव्या पाण्याची रांगोळी. जुनं कमी दाबाचं झाकण परत लावलं, तेव्हापासून काटा मधल्या रेघेच्या वर गेलेला नाही.

पण मे महिन्यानं वेगळ्याच जागी पकडलं. व्हेरायटी चौकात सिग्नलला गाडी बंद पडली ती पडलीच. सेल्फ मस्त फिरतोय, स्पार्क आहे, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतच नाही. मागे ई-रिक्षांचे हॉर्न. चाचांना फोन लावला.

"भाऊ, टेन्शन नका घेऊ. पेट्रोल पाइपातच उकळून राहिलं. पंपावर ओला दुपट्टा टाका अन् पाच मिनिटं बसा."

डोक्याचा दुपट्टा सोडला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि इंजिनावरच्या पंपाला गुंडाळला. वाफ निघाली. सहा मिनिटांनी गाडी चालू. त्यानंतर दोन आठवड्यांत मागे टाकीजवळ चेसिसवर इलेक्ट्रिक पंप बसवला. कार्बोरेटरला दोन-तीन पीएसआयच्या वर दाब चालत नाही, फ्लोटची सुई उचलली जाते आणि पेट्रोल वाहायला लागतं, म्हणून पंप कमी दाबाचाच घ्यायचा. आणि तो सरळ चावीवर जोडायचा नाही. माझा पंप ऑईल प्रेशरच्या स्विचवर रिलेनं आहे. इंजिन थांबलं की ऑईलचा दाब जातो आणि पंपही थांबतो. नाहीतर अपघातात इंजिन बंद होऊनही तो पेट्रोल ओततच राहील. पहिल्या स्टार्टसाठी एक दाबायचं बटण वेगळं आहे.

पेट्रोलची गोष्ट निघाली तर इथेनॉलचंही सांगतो. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं. १९७३ च्या रबराला, कॉर्कच्या गॅस्केटला ते मानवत नाही. पंपाचा पडदा तीन महिन्यांत लिबलिबीत झाला, आणि टाकीतला जुना गंज सुटून फिल्टर तीनदा चोक झाला. सगळे पाइप इथेनॉल चालणारे घेतले, टाकी आतून साफ करून घेतली. प्लग पांढरट निघत होते म्हणून मेन जेट एक नंबर मोठा केला, आता बदामी निघतात. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवतो. एव्हरेज ६ ते ७. मोजू नका, असं घरच्यांना सांगितलंय.

विजेच्या कामात डायनामो काढून अल्टरनेटर लावला आणि हेडलाइटला रिले. आधी हेडलाइटच्या टोकाला मीटर लावलं तर १०.८ व्होल्ट यायचे, आता १३.२. बल्ब तेच साधे हॅलोजन, उजेड दुप्पट वाटतो. मधे हौसेनं एलईडी टाकले होते. त्या जुन्या रिफ्लेक्टरमध्ये ते उजेड कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त फेकतात, आठ दिवसांत काढले. पॉइंटच्या (स्पार्कसाठी करंट तोडणारे संपर्क) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनही लावलं होतं. थंडीत गाडी घड्याळासारखी चालली, जूनमध्ये काटोल रोडवर ते काहीही न सांगता मेलं. पॉइंट मरतात तेव्हा आधी दोन दिवस खोकतात तरी. कानसून, २० थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅप लावून घरी येता येतं. परत पॉइंटवर आलो. डॅशच्या कप्प्यात एक पॉइंट सेट, एक कंडेन्सर आणि फीलर गेज कायम असतं.

इंजिनाचं बोअरिंग ३० थाऊवरून ४० वर गेलं, म्हणजे पुढच्या वेळी स्लीव्हच, सिलेंडरमध्ये नवी नळी. व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनवर इनटेकला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६. चाचा गेज न वापरता लांब पेचकस कानाला लावून ऐकतात आणि मला म्हणतात, "बोलून राहिलं ना ते, आयका." मला काहीच ऐकू येत नाही. मी गेज लावतो, आकडा बरोबर निघतो, चाचा चहा सांगतात. इंजिन केबिनमध्ये असल्याचं एकमेव सुख म्हणजे हे काम भर पावसात, सीटवर बसून, काचा लावून करता येतं.

पत्रा आणि रंगावर फार लिहित नाही. चेसिस हिंगण्याला सँडब्लास्ट करून आणली, केबिन मात्र हातानं घासली, कारण पातळ पत्रा ब्लास्टनं लहरतो. फ्लोअर दोन्ही बाजूंचा नवा. एका वर्कशॉपनं गंजावरच पुट्टी मारून दिली होती ती पहिल्या पावसात फुगली, तो भाग परत उघडावा लागला. हौद्याला सागाच्या पट्ट्या, फाळक्याच्या साखळ्या जुन्याच. रंग मूळचा फिकट हिरवा. मेटॅलिक करा म्हणणारे बरेच होते.

'डिझेल टाका' म्हणणारे त्याहून जास्त. अशा कितीतरी गाड्यांत डिझेल इंजिन बसलेली आहेत, मान्य. पण आरसीवर पेट्रोल लिहिलंय, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, आणि वजनदार डिझेल आधीच पुढून जड असलेल्या गाडीच्या नाकात ठेवायचं मला पटलं नाही. कागदांचं म्हणाल तर ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, 'व्हीए' अक्षरांच्या नंबरची, फी २०,००० रुपये. ती मी घेतली नाही. त्या नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मला संत्री आणायची होती. आजोबांनी ती खाजगीच नोंदवलेली, म्हणून साधं नूतनीकरण केलं, पाच वर्षांसाठी, तेव्हा फी ५,००० होती. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० झाली आहे. शिवाय पर्यावरण कर. पीयूसीला या वयाच्या पेट्रोल गाडीला सीओची (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादा ३ टक्के, माझी २.१ ला पास झाली. तीन अक्षरी जुन्या नंबरची एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बघून प्लेट लावणारा पोरगा दोनदा आरसी उलटून बघत होता.

चालवायला कशी आहे? पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, नाहीतर गिअरबॉक्स सगळ्या चौकाला सांगतो. ५० ते ५५ ला ती खूश असते. ६५ ला आतलं बोलणं ऐकू येत नाही. किंगपिनचे बेअरिंग आणि टायरॉडचे एंड बदलल्यावर स्टीअरिंग एकदम माणसात आलं. त्याआधी पॉवर स्टीअरिंग बसवायचा विचार होता, गरजच पडली नाही. रिकामी असताना खड्ड्यात मागून उड्या मारते, हौद्यात चारशे किलो असले की शांत. कमरेचे पट्टे बसवलेत, तरी समोर काच आणि पत्रा सोडून काही नाही हे विसरू नका. तुमचे गुडघे हाच बंपर. हायवेवर रात्री नेत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराच्या संत्र्यांच्या सात खेपा काटोलहून आणल्या, प्रत्येक वेळी सहाशे किलोपर्यंत. एकदाही दोर बांधून यावं लागलं नाही. कळमन्याच्या बाजाराच्या गेटवर एक म्हातारे हमाल हौद्यावर हात फिरवून म्हणाले, "अशी गाडी पाहून किती साल झाले." मग नेहमीपेक्षा दहा रुपये जास्त घेतले.

शिल्लक एकच दुखणं आहे. क्रँकच्या मागच्या बाजूचं दोरीचं सील दोनदा बदलूनही टपकतं. रात्रभरात चहाच्या बशीभर ऑईल. पोर्चच्या टाइल्सवरून आईनं आधी आरडाओरडा केला, आता तीच रोज संध्याकाळी जुनी परात सरकवून ठेवते. आंबिया बहार तोडायला आलाय, रविवारी काटोल. त्याआधी चाचांकडे जाऊन तिसरं सील टाकायचं की परातच मोठी घ्यायची, ते ठरवायचंय.