फॅमिली लॉयरचा अनुभव: पहिले वकील सोडले, दुसऱ्या मॅडमना चार स्टार

बहिणीचं घटस्फोटाचं आणि मुलाच्या ताब्याचं (कस्टडीचं) प्रकरण पूर्ण मिटेपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता ते मिटलंय आणि आमचं दत्तकाचं कामही झालंय, म्हणजे एकाच घरातल्या दोन केसेस एकाच वकील मॅडमकडे झाल्या, म्हणून सविस्तर लिहिते. नाव कुणाचंच टाकत नाही, दोन्ही मुलं अजून लहान आहेत.

आधी पहिल्या वकिलांबद्दल, कारण त्यांच्यामुळेच डोळे उघडले. ओळखीतून गेलो होतो. पहिल्याच भेटीत म्हणाले टेन्शन घेऊ नका, मुलगा शंभर टक्के तुमच्याकडे, नवऱ्याला अशी नोटीस पाठवतो की बघाच. बहीण रडून रडून दमलेली, तिला हे ऐकून इतकं बरं वाटलं की फी कशी लागणार, काम ते स्वतः बघणार की ज्युनियर, काहीच विचारलं नाही आम्ही. नोटिशीचा मसुदासुद्धा वाचला नाही, ही चूक आमचीच. तिचा नवरा तोपर्यंत संमतीने घटस्फोट द्यायला तयार होता, मुलाला शनिवार-रविवार भेटू द्या एवढंच म्हणत होता, पण त्या नोटिशीत दारूपासून चारित्र्यापर्यंत जे जे सुचेल ते सगळं घातलेलं, निम्मं तर बहीण कधी बोललीच नव्हती. त्याच्या आईने ती वाचली आणि झालं, पुढच्या महिन्यात तो पूर्ण कस्टडी मागायला लागला. त्यानंतर वकिलांचा फोन कायम ज्युनियर उचलणार, आणि त्या ज्युनियरला मुलाचं नावही आठवत नसे.

दुसऱ्या मॅडम एकदम उलट. पहिल्या भेटीत धीर वगैरे काही नाही. लग्नापासून आजपर्यंतच्या तारखा एका कागदावर लिहून आणा, तुमचं मत नको फक्त काय घडलं ते, एवढंच सांगितलं. मग प्रश्न सगळे मुलाबद्दल: शाळेत कोण सोडतं, ताप आला की रजा कोण टाकतं, डॉक्टरांचा नंबर कुणाच्या फोनमध्ये आहे. बहीण नवऱ्याबद्दल सांगायला लागली की त्या थांबवायच्या. तेव्हा राग आला होता, पण कस्टडीत बघितलं जातं ते मुलाचं हित, नवरा-बायकोत कोण वाईट ते नंतर. अजून एक गोष्ट त्यांनीच समजावली, मूल कुणाजवळ राहणार हा एक प्रश्न आणि त्याच्या शाळेचे, औषधपाण्याचे, पासपोर्टचे निर्णय कोण घेणार हा वेगळा, आम्ही दोन्ही एकच समजून भांडत होतो. आणि तीन गोष्टींची सक्त ताकीद: जुने मेसेज डिलीट करायचे नाहीत, सोशल मीडियावर एक अक्षर टाकायचं नाही, मुलासमोर बापाबद्दल वाईट बोलायचं नाही.

दोघांनी मिळून तुमच्याकडेच येऊ का, तेवढाच खर्च वाचेल, असं बहिणीने विचारलं होतं. सरळ नाही म्हणाल्या. एका वकिलाने दोन्ही बाजूंचं काम करायचं नसतं, त्याला त्याचा वकील करू दे, मग आपण मीडिएशनला, म्हणजे मध्यस्थासमोर तडजोडीला, बसू. बसलो, आणि तिथेच मिटलं. करारात इतकं बारीक लिहिलंय की आधी हसू आलं: सुट्टीत कोणते दिवस कुणाकडे, घ्यायला कोण येणार, उशीर झाला तर किती वेळ थांबायचं, रोजचा फोन किती वाजता. आता त्यावरच सगळं सुरळीत चाललंय, कारण भांडायला जागाच ठेवली नाही.

बहिणीच्या नवऱ्याला परदेशातल्या नोकरीची ऑफर होती, म्हणून तिला धास्ती की मुलाला घेऊन गेला तर काय. मॅडमनी हेगच्या १९८० च्या आंतरराष्ट्रीय कराराबद्दल सांगितलं, मुलाला परस्पर दुसऱ्या देशात नेलं तर काय करायचं त्याचा तो करार. १६ वर्षांखालच्या मुलाला असं परस्पर नेलं आणि वर्षाच्या आत अर्ज केला तर शक्यतो मूल परत पाठवायचा आदेश होतो, पण दोन्ही देश त्या करारात हवेत, आणि त्यात फक्त मूल परत पाठवायचं ठरतं, कस्टडी कुणाची ते नाही. त्यावर विसंबू नका म्हणाल्या, आणि लेखी संमतीशिवाय देशाबाहेर न्यायचं नाही हे मीडिएशनच्या करारातच घालून घेतलं.

आता आमचं. जाऊबाई आजारपणात गेल्या, दिरांची नोकरी फिरतीची, त्यामुळे पुतणी गेली काही वर्षं आमच्याकडेच वाढतेय. घरातलंच मूल, दोन सह्या केल्या की झालं असं आम्हाला वाटत होतं. मॅडमनी पहिलं विचारलं, दत्तकच हवंय की नुसतं पालकत्व पुरेल? पालकत्वात बाप बापच राहतो, दत्तकात त्याचं कायदेशीर नातं तुटतं आणि ते सहजासहजी परत जोडता येत नाही. यावर आम्ही दोन महिने विचार केला. परदेशातल्या नणंदेचं म्हणणं, मी आत्या आहे, मीच घेऊन जाते. तर कळलं की एका देशातलं मूल दत्तक घेऊन दुसऱ्या देशात न्यायचं आणि दोन्ही देश १९९३ च्या दत्तकाबद्दलच्या वेगळ्या हेग करारात असतील तर तो नातेवाइकांनाही लागू होतो, आधी दोन्हीकडच्या यंत्रणांची मंजुरी लागते, आत्या असण्याची सूट नाही.

सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. संमतीवर सही करायच्या आधी दिरांनी दुसऱ्या वकिलाकडून स्वतंत्र सल्ला घ्यावा असं मॅडमनी सांगितलं. आम्हाला अपमान वाटला, भावाभावांत कसला आलाय वेगळा वकील! पण दीर गेले, सगळं समजून घेऊन आले, आणि आल्यावर पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले की मला भीती वाटत होती तुम्ही मला भेटू देणार नाही. ते बोलणं आमच्या घरात एरवी कधीच झालं नसतं.

घरी सोशल वर्कर येऊन गेल्या, फ्रिज वगैरे उघडून बघतील म्हणून मी दोन दिवस साफसफाई करत होते, त्यांनी फ्रिजकडे बघितलंही नाही. पुतणीशी मात्र एकटीशी बोलल्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातच आहे की मुलाला स्वतःचं मत मांडता आलं पाहिजे आणि वयाप्रमाणे त्याला वजन द्यायचं. तिने एवढंच विचारलं म्हणे, बाबांना बाबाच म्हणता येईल ना?

तक्रारी आहेतच. प्रत्येक फोन बिलात लागतो, अगदी पाच मिनिटांचा सुद्धा, त्यामुळे बहिणीचं पहिलं बिल बघून घाम फुटला, मग आम्ही प्रश्न वहीत साठवून एकदाच विचारायला लागलो. ईमेलला उत्तर चार चार दिवस नाही. बोलणं कोरडं, कुणी रडायला लागलं की पाण्याचा ग्लास पुढे सरकवून गप्प बसतात. आणि दत्तकाच्या ऑर्डरमध्ये पुतणीच्या नावातली एक वेलांटी चुकली, ती त्यांच्या ऑफिसातल्या मसुद्यापासूनच चुकलेली होती, दुरुस्तीसाठी परत अर्ज, परत तारीख. एक स्टार त्या वेलांटीचा कापलाय. दुरुस्तीचे पैसे लावले नाहीत, पण सॉरीही म्हणाल्या नाहीत.