मुक्काम रत्नागिरीत की गणपतीपुळ्यात?

मामा-मामी, दोन मुलं आणि मे महिन्यातल्या तीन रात्री. मुक्काम कुठे करू, असं मामेबहिणीने विचारलंय. हॉटेलांचे चकचकीत फोटो बाजूला ठेवून सांगते.

पोहोचणं: रेल्वे स्टेशन रत्नागिरीला. पुळं शहरापासून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने साधारण २५ किलोमीटर पुढे. रस्ता देखणा, पण गाडी लागणाऱ्यांनी पोट रिकामंच ठेवावं.

समुद्र: पुळ्यात देवळातून बाहेर पडलं की वाळूच. मात्र ते पाणी दिसतं तितकं भोळं नाही. ओढ जबर आहे, बुडाल्याच्या बातम्या येतच असतात. मुलांना गुडघ्यापलीकडे सोडू नकोस, बोर्ड असो वा नसो. शहराजवळ भाट्ये आणि काळ्या वाळूची मांडवी आहे, पण तिथे संध्याकाळी रिक्षा करूनच जाणं होतं.

दुपार: खरी परीक्षा हीच. अकरा ते चार वाळूवर पाय ठेववत नाही. पुळ्यात देऊळ, डोंगराची प्रदक्षिणा, मालगुंडचं केशवसुत स्मारक, की संपलं. रत्नागिरीत थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान, रत्नदुर्ग. शिवाय दवाखाना, औषधाचं दुकान हाताशी.

जेवण: मासे हवेत तर शहर, घरगुती शाकाहारी आणि मोदक हवेत तर पुळं.

खर्च: शनिवार-रविवारी आणि अंगारकीला पुळ्याचे दर चढतात.

मुलांना दिवसभर वाळूच हवी आणि मोठ्यांना दर्शन, तर पुळं. रेल्वेने येणाऱ्यांनी, मासेखाऊंनी आणि औषधांची पिशवी घेऊन फिरणाऱ्यांनी रत्नागिरी. मामांचे गुडघे बघता तू दोन रात्री शहरात काढ, एक पुळ्यात, तीही आठवड्याच्या मधल्या वारी.