लाकडी धनुष्याला दोरी कुठली? डॅक्रॉन की फास्ट फ्लाइट

माझा साधा लाकडी लाँगबो (लांब धनुष्य) आहे, ओढायला ४० पाउंडाचा, टोकं रीइन्फोर्स म्हणजे मजबूत केलेली नाहीत, त्यामुळे मी डॅक्रॉनवरच, म्हणजे पॉलिएस्टरच्या दोरीवरच खूश आहे. पॉलिएस्टर ताणतं थोडं, बाण जरा स्लो जातो पण झटका ती दोरीच खाते. फास्ट फ्लाइट ही पॉलिथिलीन धाग्याची दोरी, ती ताणतच नाही म्हणा, स्पीड मस्त मिळतो, पण सगळा मार लिंबच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूंच्या) टोकांवर, जुन्या बोची टोकं चिरतात, नवीन बो असेल आणि बनवणारा चालेल म्हणाला तरच लावा.

आणि घ्यायचीच तर फ्लेमिश ट्विस्ट (धाग्यांना पीळ देऊन बनवलेली दोरी) घ्या, पीळ वाढवला की दोरी आखूड होते आन ब्रेस हाइट (मूठ ते दोरी अंतर) वर येते, सुरुवातीला सैल पडते तेव्हा हे फार कामाला येतं. एंडलेस लूपला (एकाच सलग धाग्याचे वेढे घेऊन केलेल्या दोरीला) एवढी मोकळीक नाही. मेण मात्र दोन्हीला लागतंच.