आय ट्रॅकर: विकत, उसना की वेबकॅमवरच?

फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असो, नाहीतर पणजीतली चार-पाच जणांची सॉफ्टवेअर कंपनी. ‘लोक आपलं पोर्टल वापरताना नेमकं बघतात कुठे?’ असा प्रश्न निघाला की गाडी आय ट्रॅकरवर, म्हणजे नजर कुठे जाते हे टिपणाऱ्या यंत्रावर येते आणि लगेच किमतींची चौकशी सुरू होते. त्याआधी एक गोष्ट बघून घ्या: माणसाचे डोळे कामभर स्क्रीनवरच राहणार आहेत का?

समजा, जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायचं पान तपासायचंय. समोर डिचोलीचे साठीतले गृहस्थ. तालुका निवडला, गाव निवडला, आता सर्व्हे नंबर. तो मांडीवरच्या जुन्या कागदावर. मान खाली, मग वर, परत खाली. कागदावर ४५/२ असं सलग लिहिलेलं, पानावर मात्र सर्व्हे नंबर आणि उपविभाग अशा दोन चौकटी. खरी अडचण तिथे आहे. मॉनिटरखाली चिकटवायचा ट्रॅकर मान खाली गेली की डोळे हरवतो, आणि ती अडचण नोंदीत नुसती रिकामी जागा म्हणून उरते. चष्म्यासारखा घालायचा ट्रॅकर समोरचं दृश्यही टिपतो, त्यामुळे कागद हाती लागतो. काउंटर, तिकिटाचं मशीन, हातातली कागदपत्रं असं काही असेल तर चष्माच हवा, दुसऱ्या कशाने भागणार नाही.

पण त्याची किंमत दोनदा मोजावी लागते. गंभीर कामाचा चष्मा लाखांत जातो, हे एक. दुसरं म्हणजे डोकं हललं की दृश्य हलतं, मग नजर कुठल्या चौकटीवर होती हे बरंचसं माणसानेच बसून लावायचं. अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमागे कित्येक तास जातात. शिवाय नंबरचा चष्मा असणाऱ्यांसाठी जोडभिंगं वेगळी मागवायची.

काम निव्वळ स्क्रीनवरचं असेल तर मॉनिटरखालचा ट्रॅकर चष्म्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत. तो डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकतो आणि बाहुलीचा मध्य व डोळ्यावर पडलेली चकाकी यांवरून नजरेची दिशा काढतो. आदर्श परिस्थितीत चूक अर्ध्या अंशाच्या आसपास, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून पडद्यावर साधारण अर्धा सेंटिमीटर. ‘आदर्श’ हा शब्द मात्र जपून वाचा. उन्हातही अवरक्त प्रकाश असतो, म्हणून बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत) किंवा उघड्या खिडकीसमोर बसवलंत तर मापं बिघडतात. बायफोकलच्या रेषेवर नजर अडखळते. गडद काजळ किंवा मस्करा कधीकधी कॅमेऱ्याला बाहुलीच वाटतो. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, ऐनवेळी सांगणं अवघड जातं.

वेगाच्या आकड्यांना भुलू नका. वाचताना नजर एका जागी साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद थांबते आणि ६० हर्ट्झचा ट्रॅकर दर १७ मिलिसेकंदांनी नोंद घेतो. पोर्टल तपासायला तेवढं पुरे. हजार हर्ट्झचं यंत्र नजरेच्या उडीचाच अभ्यास करणाऱ्यांनी घ्यावं. गेमिंगचा स्वस्त ट्रॅकर घेण्याचा मोह होतो, पण परवाना वाचा: टोबी या कंपनीच्या अशा ट्रॅकरवर नजरेचा डेटा साठवून त्याचं विश्लेषण करायचं तर वेगळी परवानगी लागते.

राहिला वेबकॅम. ब्राउन विद्यापीठातून २०१६ मध्ये आलेलं वेबगेझर हे वेबकॅमवरून नजर ओळखणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, सत्तरी तालुक्यातला माणूस घरबसल्या भाग घेऊ शकतो. चूक मात्र ढोबळमानाने चार अंशांची, पडद्यावर चारेक सेंटिमीटर. नजर डाव्या मेनूत होती की मधल्या मजकुरात, हे कळेल. मराठी परिच्छेदाची कुठली ओळ वाचली, हे विसरा. मोबाइल जवळ धरतात म्हणून सेंटिमीटरमधली चूक कमी होते, पण बटणंही तेवढीच बारीक असतात.

माणसं किती लागतील, यावरही निवड फिरते. लोक अडतात कुठे एवढंच शोधायचं तर वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांचा ‘पाच जण पुरतात’ हा जुना हिशेब चालतो. रंगीत हीटमॅप (जास्त बघितलेली जागा लाल दाखवणारं चित्र) दाखवायचा तर त्यांचीच शिफारस ३९ जणांची आहे. पाच जणांवरून काढलेला लालभडक डाग साहेबांना आवडतो, पण त्याला अर्थ नसतो. आणि ३९ जणांचा असला तरी तो डाग लोक तिथे रमले की गोंधळले, हे सांगत नाही. त्यासाठी काम संपल्यावर नजरेचं रेकॉर्डिंग दाखवून विचारावं, ‘इथे काय शोधत होता?’ काम चालू असतानाच बोलायला लावलं तर माणूस बोलतो त्या गोष्टीकडे बघत राहतो.

माझा कौल: विद्यार्थ्यांनी विकत काहीच घेऊ नये. एखाद्या प्रयोगशाळेतून मॉनिटरखालचा ट्रॅकर आठवडाभर उसना मिळवावा, पाच-सहा जणांना बसवावं, रेकॉर्डिंगवर बोलतं करावं. कंपनीनेही पहिल्या खेपेला भाड्यानेच आणावा. दरवर्षी चार पोर्टलं तपासणार असाल तरच खरेदीचं बघा. वेबकॅम फक्त दूरच्या, ढोबळ प्रश्नासाठी ठेवा.

वेबकॅममध्ये चेहरा आणि मागचं घर दोन्ही येतं, तेव्हा संमतीपत्र त्यात सर्वांत काळजीने लिहायला हवं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या यादीत कोंकणीही आहे आणि मराठीही, म्हणून दोन्ही मसुदे आधीच तयार ठेवा.