ओटीपी कोणाला सांगितला नाही तरी ८७,५०८ रुपये गेले

आधीच सांगून ठेवतो, मी ओटीपी कोणालाही सांगितला नाही. पिन सांगितला नाही, लॉटरीवाल्यांशी कधी बोललो नाही, डिजिटल अरेस्टवाल्याचा फोन आला होता तेव्हा त्याला अस्सल नागपुरी शिव्या देऊन ठेवला होता. त्यामुळे ‘शिकलेले लोकं कसे फसतात बाप्पा’ म्हणणाऱ्यांनी जरा पूर्ण वाचा, कारण माझे पैसे गेले ते फोनची स्क्रीन टीव्हीवर दाखवण्याच्या नादात.

डिसेंबरात चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं पुण्याला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बायको-पोरं गेली आणि मी बाबांसोबत घरी. लग्न यूट्यूबवर लाइव्ह होतं, लिंक व्हॉट्सॲपवर आली होती. बाबांना फोनवर काही दिसत नाही, म्हटलं टीव्हीवर लावून देऊ. टीव्ही स्मार्ट आहे पण स्वस्तातला, आणि फोन काही केल्या त्याला शोधेना. नंतर कळलं की टीव्हीत मिराकास्ट आहे आणि माझ्या फोनमधलं ‘कास्ट’ फक्त क्रोमकास्टवाले टीव्ही शोधतं. हे दोन्ही वेगळे प्रकार आहेत हे टीव्ही विकताना कोणी सांगतं का? खोक्यावर नुसतं ‘स्क्रीन मिररिंग’ छापून मोकळे.

नागपूरच्या सीताबर्डीवरून ८५० रुपयांची टाइप-सी टू एचडीएमआय केबल आणली होती, दुकानदार म्हणे चालते ना भाऊ, गॅरंटी. नाही चालली. फोनच्या पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड असेल तरच त्यातून चित्र बाहेर पडतं, स्वस्त-मध्यम फोनमध्ये बहुतेकदा ते पोर्ट चार्जिंग आणि डेटापुरतंच असतं. हे ८५० मी वरच्या हिशोबात धरलेच नाहीत. केबल घेताना आपला फोन दुकानातच लावून बघा, दुकानदार कितीही तोंड वाकडं करो.

मुहूर्त जवळ आला तसा मी टीव्ही कंपनीचा कस्टमर केअर नंबर सर्च केला. सगळ्यात वर जो आला तो लावला. आता सगळे म्हणतात तो १८०० वाला नव्हता, साधा मोबाइल नंबर होता, कळायला पाहिजे होतं. अरे पण आजकाल कोणत्या कंपनीचा सर्व्हिसवाला मोबाइलवरून बोलत नाही? फ्रिजवाला बोलतो, आरओवाला बोलतो. फोन पहिल्या रिंगला उचलला हे मात्र खरंच विचित्र होतं, खरा कस्टमर केअर पहिल्या रिंगला उचलत नसतो.

माणूस हिंदीत बोलत होता, एकदम अदबीनं, दर वाक्याला सर. टीव्हीचा मॉडेल नंबर विचारला, कोणत्या वर्षी घेतला विचारलं. मग म्हणे ‘सर, आपका मॉडल रजिस्टर नहीं है, इसलिए पेअर नहीं हो रहा’. एक लिंक पाठवली, त्यावर कंपनीचा लोगो वगैरे सगळं, रजिस्ट्रेशन फी १० रुपये, फक्त डेबिट कार्ड चालेल. आता १० रुपयांसाठी कोण डोकं लावतं. कार्ड नंबर, एक्सपायरी, सीव्हीव्ही टाकला, ओटीपी मी माझ्या हातानं पेजवर टाकला, १० रुपये कटले, मेसेजही १० चाच आला. सगळं बरोबर.

मग त्यानं एक ॲप टाकायला लावलं. प्ले स्टोअरवरचंच बरं का, कुठली चोरटी फाइल नाही. ते उघडल्यावर फोननं चौकट दाखवली की या ॲपला तुमच्या स्क्रीनवरचं सगळं दिसेल, पासवर्ड, पेमेंट, मेसेज, सगळं.

इथेच. इथे मी थांबायला पाहिजे होतो असं घरातलं प्रत्येक जण आता मला ऐकवतं. पण माझं म्हणणं ऐका. त्याच दुपारी मी मिररिंगचं दुसरं एक ॲप ट्राय केलं होतं आणि हुबेहूब हीच चौकट तेव्हाही आली होती! कारण अँड्रॉइडमध्ये स्क्रीन टीव्हीवर पाठवायची असो, रेकॉर्ड करायची असो नाहीतर कुठेतरी बसलेल्या चोराला दाखवायची असो, ॲपला परवानगी हीच घ्यावी लागते. स्क्रीन बाहेर पाठवायची म्हणूनच तर मी बसलो होतो, मग स्क्रीन बाहेर जाईल ही वॉर्निंग वाचून मी काय घाबरणार होतो? त्या भामट्यांनी हेच गिऱ्हाईक बरोबर हेरलंय. बाकी कोणाला स्क्रीन शेअर करा म्हटलं तर तो दचकेल, टीव्हीला फोन जोडणारा स्वतःहून ‘स्टार्ट नाऊ’ दाबेल.

पुढचं तर अजून भारी. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन टाइमआउट दहा मिनिटांचा करायला लावला, आणि म्हणाला ‘सर, अब फोन को टीवी के पास उल्टा रख दीजिए, हाथ मत लगाइए, सिग्नल पेअर हो रहा है’. मी फोन स्पीकरवर टाकून टीव्ही युनिटच्या काचेवर पालथा ठेवला. तिकडे तो बोलून राहिला, रिमोटचं हे बटन दाबा, ते दाबा, सोर्समध्ये जा, इकडे बाबा नवा सदरा घालून खुर्चीत, आणि फोन मधूनमधून काचेवर घर्रर्र करून सरकत होता. मी विचारलं पण, हे व्हायब्रेट का होऊन राहिलं? ‘पेअरिंग का है सर.’ ते ओटीपीचे मेसेज होते. एक घर्रर्र म्हणजे ४९,९९९. दुसरी २४,९९९. तिसरी १२,५००. कार्डाची माहिती त्या पेजवरून त्याच्याकडे आधीच गेलेली, आणि ओटीपी तो माझ्या स्क्रीनवर थेट वाचत होता. मी टीव्हीकडे बघत असताना.

फोन कट झाला, मी तो सरळ केला आणि मेसेज पाहिले.

१९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लगेच लावला. लगेच म्हणजे लावत राहिलो, एंगेज, मग म्युझिक, मग कट. शेवटी लागला आणि तिथल्या मॅडमनी सगळं नीट लिहून घेतलं हे खरं सांगतो, त्यामुळेच १२,५०० पुढच्या खात्यात अडकवता आले. बाकीचे तोवर निघून गेले होते. हा नंबर फसल्यावर शोधत बसू नका, आत्ताच सेव्ह करा, आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकताना प्रत्येक व्यवहाराचा रेफरन्स नंबर हाताशी ठेवा, नाहीतर फॉर्म पुढे जात नाही.

बँकेत गेलो तर साहेब कॉम्प्युटरवरून मान वर न करता म्हणतात, ओटीपीशिवाय व्यवहार होतच नाही, म्हणजे तुम्हीच दिला. मी म्हटलं दिला नाही, त्यांनी पाहिला. ‘एकच झालं ना.’ एकच कसं झालं? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे असं त्यात लिहिलंय. मी प्रिंट घेऊन गेलो होतो. त्यांनी त्यातलं ग्राहकाच्या निष्काळजीपणाचं एक वाक्य बोट ठेवून वाचलं, बाकी पानं उलटवून पाहिली पण नाहीत. तक्रारीच्या कॉपीवर पोच शिक्का मागितला तर शिक्कावाले जेवायला गेलेले. शिक्क्याशिवाय हलू नका, बसून राहा, कारण ३० दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि तिथे पहिला प्रश्न तारखेचाच असतो.

पोलीस स्टेशनचं तर काय सांगू. नागपुरात डिसेंबर म्हणजे अधिवेशन, सगळा स्टाफ बंदोबस्तात. ‘अधिवेशन झाल्यावर या.’ मग म्हणे तुमची बँक आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडचे म्हणे राहता कुठे, तिकडे जा. नवीन कायद्यात हद्द कोणतीही असो तक्रार घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, हे मी बोललो तर हवालदार म्हणाला, ‘ऑनलाइन केली ना तुम्ही, मग इथे कायले आले?’ म्हणजे मंत्र्यांच्या गाड्यांसाठी रस्ता मोकळा करायला माणसं आहेत, आमच्यासाठी एक पेन चालवायला नाही. चिडून बोललो असेन, पण तुम्ही माझ्या जागी उभे राहा.

अडकलेले १२,५०० तरी द्या म्हटलं तर कोर्टाचा ऑर्डर आणा.

आणि सगळ्यात जास्त आग कशाची होते माहितेय? मिररिंग लागतच नव्हतं. यूट्यूब त्या टीव्हीतच आहे. खालच्या मजल्यावरच्या पोरानं नंतर दाखवलं, टीव्हीच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘लिंक विथ टीव्ही कोड’ असतं, तो कोड फोनच्या यूट्यूबमध्ये टाकायचा, संपलं. दोघांना एक वायफाय पण लागत नाही. फोटो किंवा गॅलरीतले व्हिडिओ दाखवायचे असतील तर पेन ड्राइव्हमध्ये टाका आणि टीव्हीला लावा. नेटफ्लिक्स, प्राइमसारखं काही असेल तर तसंही मिररिंगमध्ये बरेचदा काळी स्क्रीन येते, त्यांचे ॲप टीव्हीतच उघडा. कंपनीचा नंबर लागलाच तर वॉरंटी कार्डावरचा किंवा टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा, सर्चमधला कधीच नाही. आणि कोणीही फोन पालथा ठेवा म्हटलं की आधी तो सरळ करा.

ज्या खात्यात पगार येतो त्याचं कार्ड ऑनलाइन वापरूच नका, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची ऑनलाइन लिमिट असते ती आज शून्य करा, लागेल तेव्हा वाढवा. माझी लाखावर होती, बँकेनंच ठेवलेली, मी कधी मागितली नव्हती. हे बँकेच्या साहेबांना विचारलं तर म्हणे ती ग्राहकाची जबाबदारी.

लोकपालाकडे तक्रार टाकलीय, अजून काही नाही. बँकेकडून मात्र काल मेसेज आला, ब्लॉक केलेल्या कार्डाच्या बदली नवीन कार्ड दिल्याबद्दल जीएसटीसकट २३६ रुपये कापले म्हणून.